माणूस की जनावर, हा सवालच खोटा

जिंतुरात भटक्या कुत्र्यांचा, रस्त्यात बसलेल्या जखमी गाईचा किंवा विहिरीत पडलेल्या हरणाचा विषय काढला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं : "इथं माणसं मरायलीत आणि तुम्ही जनावरांचं काय घेऊन बसलात?" टपरीवर हेच ऐकू येतं, शिकल्यासवरल्यांच्या बैठकीतही हेच. या उत्तरामागचं दुःख खरं आहे. कधी पाऊस नाही, कधी नको तितका. सोयाबीनला भाव नाही. कर्जापायी गळफास घेतलेल्या शेतकऱ्याचं घर प्रत्येक सर्कलमध्ये सापडतं. म्हणून हे बोलणं झटकून टाकता येत नाही. पण दुःख खरं असलं तरी त्यातून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे, आणि त्या चुकीची किंमत जनावरांबरोबर माणसंही मोजतात.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. पिकं गेली, तशी गोठ्यातली जनावरंही गेली. ज्याची बैलजोडी पुरात वाहून गेली त्या शेतकऱ्याला जाऊन विचारा, माणूस आधी की जनावर आधी. त्याला हा प्रश्नच कळणार नाही. त्याची पेरणी, त्याचं दूध, त्याच्या पोरीच्या लग्नाचा पैसा त्या दावणीला बांधलेला होता. माणूस आणि जनावर यांना समोरासमोर उभं करून झुंज लावणं हे शेताच्या बांधावर कधी न उतरणाऱ्याचं काम आहे. जिंतूरसारख्या तालुक्यात दोघांचं हित एकाच कामातून साधतं, आणि ते काम टाळलं की दोघंही मरतात. मला एवढंच सांगायचं आहे.

आधी कुत्र्यांचा विषय घेतो, कारण सगळ्यात जास्त राग तिथंच आहे. तो राग अनाठायी नाही. शाळेत जाणाऱ्या पोराच्या पोटरीचा लचका तोडला जातो तेव्हा त्याच्या आईला प्राणीप्रेमाचं प्रवचन देणाऱ्याला मी माणूस म्हणणार नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अलीकडच्या अभ्यासानुसार देशात वर्षाला सुमारे ९० लाख लोकांना प्राणी चावतात आणि रेबीजनं सुमारे ५,७०० माणसं दगावत असावीत असा अंदाज आहे. या रोगाची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. घोटभर पाणी समोर धरलं तरी गळा आवळतो, वाऱ्याची झुळूक सहन होत नाही, आणि शुद्ध असताना हे सगळं भोगावं लागतं. जगभर या रोगाच्या बळींमध्ये १५ वर्षांखालच्या मुलांचा वाटा फार मोठा आहे. तेव्हा कुत्र्यांचा बंदोबस्त झालाच पाहिजे, यात दुमत नाही. वाद आहे तो बंदोबस्त कसा करायचा याचा.

पहिला उपाय सुचवला जातो : विष घाला, मारून टाका. हा उपाय नवा नाही. १८३२ साली मुंबईत इंग्रज अंमलदारांनी मोकाट कुत्री मारण्याची मोहीम काढली, मारणाऱ्यांना बक्षिसं लावली, आणि त्यावरून पारशी समाजानं जूनमध्ये दंगल केली. त्यानंतरही शंभर-दीडशे वर्षं देशातली मोठी शहरं कुत्री मारतच राहिली. कुत्री संपली नाहीत आणि रेबीजही संपला नाही. याचं कारण सरळ आहे. गल्लीतली चार कुत्री मारली तरी गल्लीतलं अन्न तिथंच राहतं. शेजारच्या वस्तीतली कुत्री त्या मोकळ्या जागेत शिरतात. कुत्री वर्षातून दोनदा माजावर येते, दोन महिन्यांत वेते आणि एका वेताला चार-सहा पिल्लं देते. मारलेल्यांची भरती वर्षाच्या आत होते. शिवाय मारलेल्यांत लस टोचलेली कुत्री असली, तर त्यांच्या जागी येतात ती लस न टोचलेली. म्हणजे विष घालणाऱ्यानं आपल्याच गल्लीतल्या पोरांचा धोका वाढवून ठेवलेला असतो.

ते अन्न कुठून येतं, हे बघायला फार लांब जावं लागत नाही. मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी आठवडी बाजार उठल्यावर चिकन-मटणाच्या दुकानांच्या मागच्या अंगाला जा. पिसं, आतडी, चरबी गोणपाटात भरून नाल्याच्या कडेला टाकलेली असते. गोणपाट फाडायला पाच-सहा कुत्री एकमेकांवर गुरगुरत असतात. त्यातलं एखादं मान वाकडी करून बाजूला उभं असतं. त्याच्या कानामागं रुपयाएवढं भोक पडलेलं असतं आणि त्यात आळ्या वळवळत असतात. ते मागच्या पायानं खाजवतं, रक्त उडतं, ते कळवळून पळतं आणि वाटेत आडव्या आलेल्या पोरावर दात विचकतं. लोक म्हणतात, कुत्रं पिसाळलं. पुष्कळदा ते पिसाळलेलं नसतं, दुखत असतं. आळ्या काढून, जखम धुऊन, औषध लावून ते कुत्रं काही दिवसांत बरं होतं. कचरा वेळेवर उचलला गेला असता, तर त्या नाल्याशी एवढी कुत्री जमलीच नसती. जखमेवरचा उपचार ही कुत्र्यावरची दया, की त्या पोराचं संरक्षण? एकाच कामाला ही दोन्ही नावं लागू पडतात.

दुसरा उपाय सुचवला जातो : मारू नका, पण गाडीत घालून लांब नेऊन सोडा. येलदरीच्या डोंगरात सोडा, दुसऱ्या तालुक्याच्या हद्दीत सोडा. हा उपाय सौम्य दिसतो, म्हणून चांगली माणसंही त्याला मान डोलावतात. त्यांनी जुन्नरचा अनुभव बघावा. २००१ नंतर जुन्नर भागात उसातले बिबटे धरून दूरच्या जंगलात सोडण्याचा सपाटा सुरू झाला. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या नोंदी तपासल्या तेव्हा आढळलं, की बिबटे उचलायला लागल्यावर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले. ओळखीच्या मुलखातून उचललेलं, बिथरलेलं जनावर अनोळखी मुलखात सोडलं की असंच होतं. कुत्र्याचंही वेगळं नाही. येलदरीच्या डोंगरात टाकलेलं उपाशी कुत्रं तिथं मरत नाही. ते टोळीत जातं आणि हरणाच्या पाडसांवर, मेंढपाळाच्या कोकरांवर पडतं. देशभरच्या नोंदी गोळा केलेल्या एका अभ्यासात कुत्र्यांनी हल्ले केलेल्या वन्यजीवांच्या जाती ८० भरल्या. कुत्र्याचे रोग माळावरच्या लांडग्याला लागतात आणि पिसाळलेला लांडगा वस्तीत शिरला तर काय होतं, हे जुन्या माणसांना सांगायला नको. गावातला प्रश्न टेम्पोत घालून रानात नेला की तो सुटत नाही, दुप्पट होऊन परत येतो.

आता तिसरा दाखला : "सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय, सगळी कुत्री उचला." हे अर्धवट वाचलेलं आहे. ११ ऑगस्ट २०२५ चा आदेश दिल्ली आणि परिसरासाठी होता. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठानं तो बदलला : नसबंदी करा, लस टोचा, जंताचं औषध द्या आणि ज्या भागातून उचललं त्याच भागात सोडा, रेबीज झालेली, तशी शंका असलेली आणि आक्रमक कुत्री मात्र सोडू नका, खायला घालण्यासाठी जागा ठरवून द्या. याच वेळी प्रकरणाची व्याप्ती सगळ्या राज्यांपर्यंत नेली गेली. ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री नसबंदी-लसीकरण करून निवारा केंद्रात ठेवायला सांगितलं. यातलं कुठलंही वाक्य मारा असं सांगत नाही. उलट आदेश कसाही वाचा, प्रत्येक नगरपरिषदेला कुत्री धरणारी प्रशिक्षित माणसं, शस्त्रक्रियेची खोली, लस आणि निवारा लागणारच आहे. २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम ही जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवरच टाकतात. कोर्टाचं नाव घेऊन हात झटकणाऱ्यांनी कोर्टानं हातात काय दिलं आहे ते वाचावं. आणि विषाची पुडी खिशात ठेवणाऱ्यांनी हेही वाचावं, की भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे कुठल्याही जनावराला विष घालून मारणं हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

चौथा आक्षेप सगळ्यात व्यवहारी वाटतो : पैसा कुठं आहे, माणसं कुठं आहेत, हे युरोप-अमेरिकेत होत असेल. त्याचं उत्तर युरोपात शोधायची गरज नाही, आपल्या शेजारी गोव्यात आहे. तिथं सरकार आणि एक स्वयंसेवी संस्था यांनी मिळून २०१३-१४ पासून कुत्र्यांना जाळी टाकून धरलं, लस टोचली, प्रत्येक नोंद मोबाइलवर ठेवली आणि शाळाशाळांत मुलांना शिकवलं. दरवर्षी ७० टक्के कुत्र्यांपर्यंत पोचणं हे लक्ष्य होतं, कारण तेवढ्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला, माणसांचे मृत्यू थांबले आणि सलग तीन वर्षं एकही बळी न गेल्यावर २०२१ मध्ये सरकारनं गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर केलं.

गोवा लहान आणि सुखवस्तू आहे, असं कोणी म्हणेल. मग आपल्याच घरचं बघू. २०२२ मध्ये लम्पी आला. गाई-बैलांच्या अंगावर गाठी उठल्या, पाय सुजले, जनावरं पटापट पडायला लागली. तेव्हा याच महाराष्ट्रात, याच पशुसंवर्धन खात्यानं, याच तालुक्यांतल्या डॉक्टरांनी बर्फाच्या पेटीत लस घेऊन वाडी-तांड्यापर्यंत जाऊन काही महिन्यांत राज्यातल्या जवळपास सगळ्या गोवंशाला लस टोचली. २०१९ च्या पशुगणनेत हा आकडा १ कोटी ३९ लाखांच्या घरात होता. ज्या राज्याला हे जमलं, त्याच्या एका तालुक्याला काही हजार कुत्री जमत नाहीत, हे मला पटत नाही. जिंतूरपासून ४०-४५ किलोमीटरवर, परभणीत, १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना शस्त्रक्रियेचा हात बसायला केसेस लागतात आणि आपल्याला शस्त्रक्रिया करणारे हात लागतात. या दोन गरजांची गाठ घालायला दिल्लीची परवानगी लागत नाही.

खर्चाचा हिशेब मांडायचाच तर पुरता मांडा. कुत्र्याला वर्षाला एक टोचणी. चावलेल्या माणसाला सरकारी दवाखान्यात पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवसाची अशा चार फेऱ्या. जखम खोल असली तर वर इम्युनोग्लोब्युलिन, ते तालुक्याला नसलं तर परभणी नाहीतर नांदेड. प्रत्येक फेरीला मजुराची रोजी बुडते आणि सोबत येणाऱ्याचीही. हा पैसा कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही, म्हणून तो खर्च नाही असं होत नाही. तो गरिबाच्या खिशातून जातो. आणि हे सगळं माहीत नसल्यामुळं आजही गावोगाव जखमेत हळद, चुना, मिरचीपूड भरली जाते. वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं जखम धुवायची आणि तडक दवाखाना गाठायचा, एवढी एक गोष्ट प्रत्येक शाळेच्या भिंतीवर रंगवली तरी जीव वाचतील.

आता रानाकडं वळू. इथं समोरच्याचं म्हणणं आणखी धारदार आहे : "रोही आणि रानडुकरं आमचं पीक खातात, तुम्ही शहरात बसून त्यांची बाजू घेता." शेतकऱ्याचं नुकसान मी एका दाण्यानंही कमी लेखत नाही. हरभरा घाट्यावर आला की हरणांचा कळप एका रात्रीत पट्टा साफ करतो. रानडुकरं भुईमूग उकरून टाकतात. थंडीत रात्रभर जागल करणाऱ्या माणसाला साप-विंचवाची भीती, झोपेचं खोबरं आणि सकाळी पुन्हा शेतातलं काम. हे सगळं खरं आहे. पण या नुकसानीवर जो उपाय रूढ झाला आहे तो बघा. शेताभोवती बाइंडिंग वायर ताणायची आणि मोटारीच्या लाइनचा करंट थेट तिच्यात सोडायचा. डुक्कर मरतं, हरीण मरतं, शेजाऱ्याची म्हैस मरते. रात्रीची लाइट आली म्हणून मोटार चालू करायला अंधारात निघालेला माणूसही मरतो. अशा बातम्या महाराष्ट्रात दर हंगामात छापून येतात. ती तार डुक्कर आणि शेतकरी यांत फरक करत नाही. म्हणून तार काढायला सांगणारा माणूस शेतकऱ्याचा वैरी नसतो.

विहिरींचंही तेच. काळ्या रानातली बिनकठड्याची विहीर, काठावर वाळलेलं गवत, पाणी पार तळाला गेलेलं. मे महिन्यात पाण्याच्या शोधात आलेलं किंवा कुत्र्यांनी पळवलेलं हरीण रात्री काठावर येतं आणि पाय निसटतो. सकाळी मोटारीजवळ गेलेला माणूस वाकून बघतो तर ते खडकाच्या कपारीला पुढचे पाय टेकून, फक्त नाक पाण्यावर ठेवून उभं असतं. मग बाज दोरखंडाला बांधून खाली सोडायची, वनखात्याला फोन करायचा, चार जणांनी ओढायचं. गावची पोरं हे काम जिवावर उदार होऊन करतात, त्यांना माझा दंडवत. पण त्याच विहिरीत उद्या शेळ्यांमागं गेलेलं लेकरू पडणार नाही, याची हमी कोण देतो? कठडा बांधला की हरीण वाचतं आणि लेकरूही वाचतं. याला वन्यजीव संरक्षण म्हणा नाहीतर बालसंरक्षण, विटा-सिमेंट तेवढंच लागतं.

"मग गोळ्या घालायची परवानगी द्या," असं म्हणतात. कायद्यात तो मार्ग नाही असं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ११ प्रमाणे उभ्या पिकाला धोका ठरणाऱ्या काही प्राण्यांबाबत वनाधिकारी तशी परवानगी देऊ शकतो, आणि राज्यानं रोही-रानडुकरांबाबत ती वाट मोकळीही केली. पीक तरीही वाचलेलं नाही. बंदूक चालवणारे किती, रात्री येणारे कळप किती, आणि ज्या माळावर ते आधी चरत होते त्या माळाचं काय झालं? गायरानं गेली, मुरमाड टेकड्यांच्या पायथ्यापर्यंत नांगर गेला, माळावरचा लांडगा विरळ झाला. ज्याला चरायला जागा उरली नाही आणि ज्याला खाणारा कोणी उरला नाही, ते जनावर हरभऱ्यात येणार, दुसरं कुठं जाणार? उपाय आहेत : झटका देणारं पण जीव न घेणारं सौर कुंपण, तेही एकट्या शेताला नाही तर शेजारच्या शेतकऱ्यांनी मिळून, उन्हाळ्यात डोंगरात भरलेले पाणवठे, आणि नुकसानीचा पंचनामा अर्जानंतर लगेच. राज्याच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला अनुदान आहे. जिंतूर तालुक्यातल्या डोंगरकाठच्या गावांना ते मिळावं, यासाठी शेतकरी संघटनांनी आणि प्राणिमित्रांनी एकाच निवेदनावर सह्या कराव्यात. भांडायचं तर तिथं भांडू.

शेवटचा आक्षेप संस्कृतीचा आहे. प्राण्यांची कणव हे शहरातून आलेलं खूळ आहे, आपल्या मातीतलं नाही, असं काहींना वाटतं. जिंतूरच्या माणसानं हे म्हणावं याचं मला फार वाईट वाटतं. गावाच्या उशाला नेमगिरी आहे. ज्या नेमिनाथांच्या नावानं ती टेकडी ओळखली जाते, त्यांची कथा अशी, की लग्नाच्या वरातीत जेवणावळीसाठी कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश त्यांच्या कानी आला आणि ते बोहल्यावर न चढता मागं फिरले. नरसी गाव १९९९ पर्यंत आपल्याच परभणी जिल्ह्यात होतं. तिथल्या नामदेवांची गोष्ट घराघरांत सांगतात : कुत्र्यानं भाकरी पळवली, तर कोरडी कशी खाशील म्हणून ते तुपाची वाटी घेऊन मागं धावले. पोळ्याला बैलाच्या खांद्याला हळद-लोणी लावणारे हात या गावचेच आहेत. कणव इथलीच आहे. तिला व्यवस्थेची जोड मिळालेली नाही, एवढंच.

आणि इथं माझ्या बाजूच्या लोकांनाही स्पष्ट सांगितलं पाहिजे. शाळेच्या फाटकाशी रोज बिस्किटं टाकणं म्हणजे प्राणीसेवा नव्हे. ज्या कुत्र्याला तुम्ही खायला घालता त्याची नसबंदी आणि लस ही तुमची पहिली जबाबदारी आहे. हौसेनं आणलेलं पिल्लू मोठं झाल्यावर गावाबाहेर सोडून देणारा माणूस विष घालणाऱ्याइतकाच दोषी आहे. प्राण्यांच्या बाजूनं बोलणाऱ्यानं चावा बसलेल्या पोराच्या घरी आधी जावं, त्याच्या चारही फेऱ्या पूर्ण होईपर्यंत सोबत राहावं, आणि मग कुत्र्याची वकिली करावी. तसं केलं तर लोक ऐकतील.

मागण्या मोजक्या आहेत. जिंतूर नगरपरिषदेनं कुत्र्यांची गणना करावी आणि दरवर्षी ७० टक्के लसीकरणाचा आकडा जाहीर करावा. परभणीच्या महाविद्यालयाशी करार करून नसबंदीचं काम बारमाही चालवावं. चिकन-मटणाचा कचरा त्याच दिवशी उचलावा. तालुक्याच्या दवाखान्यात रेबीजची लस आणि इम्युनोग्लोब्युलिन कधीही संपू नये. २००१ च्या नियमांप्रमाणे स्थापन होणाऱ्या, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीनं तालुक्याला येऊन लोकांसमोर बसावं. उघड्या विहिरींना कठडे आणि डोंगरकाठच्या गावांना सौर कुंपण मिळावं. यातली एकही मागणी माणसाच्या ताटातला घास काढून जनावराला देत नाही. प्रत्येक मागणीत कुठलं तरी लेकरू, कुठला तरी शेतकरी, कुठली तरी मजूर बाई वाचते. "आधी माणसं" म्हणणाऱ्यांना मी म्हणतो : बरोबर आहे, आधी माणसंच. म्हणूनच या निवेदनावर पहिली सही तुमची हवी.